आरशाखालचे पाय

ज्या पायांना टाचणी टोचलेली कळत नाही ते दुखतात कसे, हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला की शेवटी मीच भेटायला येणाऱ्यांना चहाच्या आधी सांगून टाकायला लागले. "पाय मेल्यात आन् तरी बी आग होतीय. आता दुसरं काय ते इचारा." माणसं मान हलवायची, हळहळायची आणि ओट्यावर गेली की कुजबुजायची. एकदा एका बाईचं बोलणं मला सरळ ऐकू आलं. "मणका मोडला ते मोडला, पर डोक्यावर बी परिणाम झालाय." माझं कंबरेखालचं गेलं होतं, कान शाबूत होते.

मी कपडे शिवणारी बाई. राहू गावच्या शिवारात आमची वस्ती आहे. सासरच्या मागच्या पिढीनं मेंढरांमागं आयुष्य काढलं, आता मेंढरं गेली आणि ऊस आला. नवरा शेत बघतो आणि हंगामात पाटसच्या कारखान्याला उसाचा ट्रॅक्टर नेतो. मी लग्न होऊन आले ती शिलाई मशीन घेऊनच. ब्लाउज, फॉल, पोरींचे परकर, लग्नसराईत तर जेवायला सवड नसायची. आणि मी पडले ती काही मोठं काम करताना पडले नाही. स्लॅबवर ज्वारी वाळत घातली होती, आभाळ भरून आलं म्हणून ताडपत्री ओढत मागं मागं सरकत होते. स्लॅबला कठडा नव्हता. पुढच्या वर्षी बांधू, पुढच्या वर्षी बांधू, असं आमचं चाललं होतं.

पुण्यात ऑपरेशन झालं, लोखंड घातलं, आणि कंबरेपासून खाली काहीच नाही असं शरीर घेऊन मी घरी आले. चालता येणार नाही हे मी हळूहळू मनाला घालत होते. पण घरी आल्यावर ही आग सुरू झाली. गुऱ्हाळावर गूळ शिजवायची मोठी काहील असते, तिच्यात कुणीतरी माझी दोन्ही पावलं धरून ठेवली आहेत, असं वाटायचं. गोधडी काढून बघावं तर पावलं थंडगार, मेणचट, जागच्या जागी. हात लावला तर हाताला पाऊल कळायचं, पावलाला हात कळायचा नाही. आणि तरी ती जळत होती. गोळ्यांनी गुंगी यायची, आग तशीच राहायची. गुंगीतही भाजणं काय असतं ते मला विचारा.

मी ओरडायचे. आधी तोंडात पदर कोंबायचे, मग तेही सोडून दिलं. माझ्या तोंडाचा पट्टा आधीपासूनच चालू असायचा, आता तर त्याला काही धरबंधच राहिला नाही. नवऱ्याला बोलायचे, सासूला बोलायचे, देवाला तर अशा शिव्या दिल्या की देवघराचा पडदा ओढून घ्यायची सासूबाई. घरात आम्ही चौघंच. नवरा, सासू, मी आणि माझी धाकटी जाऊ. धाकटा दीर काविळीनं गेला तेव्हा जावेच्या लग्नाला फार वर्षं झाली नव्हती, मूलबाळ नव्हतं. माहेरी न जाता ती आमच्यातच राहिली. मी पडल्यापासून माझं सगळं, म्हणजे अगदी सगळं, तीच करत होती. आणि मी तिच्यावर सगळ्यात जास्त खेकसत होते, कारण ती उलट बोलायची नाही.

एक दिवस मी नवऱ्याला सरळ म्हणाले, "उसावर मारायचं औषध आणून ठेवा माझ्या उशाला. बाकी मी बघते." फवारणीच्या सगळ्या बाटल्या उचलून त्यानं शेतावरच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत नेल्या आणि कुलूप लावलं. आणि दुसऱ्या दिवशी मला पिकअपमध्ये गादी टाकून शिरूरला घेऊन गेला. तिथं व्यायामाची डॉक्टर एक मुलगी आहे, वेगळं काही करते, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. पारगावचा पूल, न्हावरा, मग शिरूर. रस्त्याचा प्रत्येक खड्डा मला पायात कळला. ज्या पायात काही कळत नाही त्या पायात.

ती डॉक्टर माझ्या भाचीच्या वयाची निघाली. मी मनातल्या मनात हात टेकले. पण तिनं एक केलं. पाय दुखतात कसे असं तिनं विचारलं नाही. "कशासारखं जळतं, काकू?" असं विचारलं. मी काहिलीचं सांगितलं. तिनं ते लिहून घेतलं आणि म्हणाली, "पाय हलवायचा हुकूम तुमचा मेंदू अजून सोडतोय. खालून उत्तर येत नाही. मग तो आवाज वाढवतो. मला वाटतं ही आग म्हणजे तो वाढवलेला आवाज आहे."

"मग त्याला सांगा की गप बस म्हणून."

"सांगायचंच आहे. पण त्याला तोंडी सांगून पटत नाही. डोळ्यांनी दाखवावं लागतं."

मग तिनं कागदावर एक डोकं काढलं आणि त्यात गोल. हुकूम सोडायची जागा निराळी, बघायची निराळी, आपलं अंग कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं याचा हिशोब ठेवणारी निराळी. या जागा आपसात सतत बोलत असतात, म्हणाली. अंगाचा एखादा भाग गेला की काहींचं बोलणं तुटतं आणि काहींचं नको तितकं वाढतं. डोळ्यांना जर आपलेच पाय हलताना दिसले, खोटे का असेनात, तर त्या जागा पुन्हा एकमेकींशी धड बोलायला लागतात. सगळ्यांच्या बाबतीत होत नाही. झालं तरी किती टिकेल ते मी सांगू शकत नाही, असंही ती म्हणाली.

"म्हंजी भावकीसारखंच हाय की," मी म्हणाले. "कुणाचं बोलणं बंद, कुणाचं बंदच व्हईना."

ती हसली. मी हसवण्यासाठी बोलले नव्हते.

तिचा उपाय असा. भिंतीवर आरसा, त्यात मला माझं डोक्यापासून कंबरेपर्यंतचं शरीर दिसायचं. आरशाच्या बरोबर खाली टीव्ही, त्यात कुणाचे तरी चालणारे पाय. वर मी, खाली ते, मध्ये फट दिसू नये अशी जुळणी. माझे खरे पाय चादरीखाली. मी हात हलवायचे, चालताना हलतात तसे, आणि मनात चालायचं. तिनं टीव्ही लावला. गुडघ्यापर्यंत चड्डी घातलेले दोन गोरे पाय फिरत्या पट्ट्यावर चालायला लागले.

मला आधी हसू आलं आणि मग संताप. "हे कुणाचं?" मी विचारलं. "अगं बाई, माझे गुडघे चालताना कसे दिसतात ते मी जन्मात पाहिलं नाही. न्हाणीत सोडून माझे गुडघे मी कुठं बघितलेत?" तिनं साडीतली बाई चालतानाचं काही मिळतं का ते शोधलं. एक मिळालं. त्यात साडीच्या निऱ्या हलत होत्या, बाकी काही नाही. पाय जळत राहिले. नवरा कोपऱ्यात उभा होता, त्याच्या चेहऱ्याकडं मी बघितलं नाही.

परत येताना गादीवर पडल्या पडल्या मी एकच विचार करत होते. मी माझे पाय हलताना कधी बघितलेत? चालताना बाई खाली बघते ती खड्डा बघायला. पेरणीत, खुरपणीत पाय मातीत असतात. न्हावरा मागं गेलं आणि मला एकदम डोळ्यांपुढं दिसलं. मशीन. साडी घोट्याच्या वर खोचलेली, लोखंडी पायडलवर दोन पावलं, एक पुढं एक मागं, टाच वर, चवडा खाली. ही दोन पावलं मी रोज पाहिली होती. सुईत दोरा ओवताना, बॉबीन भरताना, गिऱ्हाइकाशी बोलताना मान खाली घालून मी काय बघत होते? माझ्या नवऱ्याचं तोंड बघितलं नसेल इतकं मी ते बघितलं होतं.

"गाडी हळू घ्या," मी नवऱ्याला म्हणाले. त्याला वाटलं दुखतंय. दुखतच होतं, पण मी त्यासाठी बोलले नव्हते.

डॉक्टरला फोन केला तर ती म्हणाली, चालणंच पाहिजे असं काही नाही, तुमच्या मेंदूला जे ओळखीचं ते चांगलं. मग आम्ही मांडामांड केली. कपाटाचा आरसा काढला आणि दोन लाकडी घोड्यांवर उभा बांधला, खालची कड माझ्या कंबरेच्या रेषेत. मी अलीकडं खुर्चीत, मांडीवर फळी आणि फळीवर कापड. आरशाच्या पलीकडं माझी मशीन आणि मशीनवर जाऊ, माझ्याकडं तोंड करून. आरशातली बाई आपल्याकडंच तोंड करून बसलेली असते ना, तशी. तिचं वरचं अंग आरशामागं लपायचं आणि खाली तिची पावलं पायडलवर दिसायची. आम्हा दोघींना एका लग्नात एकसारख्या डाळिंबी साड्या आहेर आल्या होत्या. त्या नेसलो. जाऊ अंगानं माझ्यासारखीच, पावलंही लांबट. शेजारच्या बायकांना बोलावता आलं असतं, पण उसाला पाणी, गोठ्यात दुभती, रोज कोण वेळ काढणार, आणि काढला तरी माझं ओरडणं कोण ऐकणार.

जावेला मशीन येत नव्हती. चाक उलटं फिरायचं, पायडल अडकायचं, पुन्हा धक्का देऊन सुरू. मी खुर्चीतून ओरडत होते. "टाच! अगं टाच दाब! तेलाचा घाणा फिरवतीयस का?" ती आरशामागून म्हणायची, "व्हय अक्का." थोड्या दिवसांत तिला जमलं. चाक सुलटं, एकसारखं, खडखड खडखड. मी कापडावर हात सरकवत होते, आरशात माझे हात दिसत होते, खाली पावलं हलत होती, आवाज माझ्या मशीनचा होता. सगळं होतं. आणि आग तसूभर हलली नाही.

मी बघत राहिले. काहीतरी चुकत होतं. काय चुकतंय ते कळायला वेळ लागला, आणि कळलं तेव्हा ते बोलायचं कसं हा प्रश्न होता. त्या पावलांची बोटं मोकळी होती. पायडलवरची माझी बोटं मी कधीच मोकळी पाहिली नव्हती. लग्नाच्या दिवशी घातलेली चांदीची जोडवी पायडलच्या कडेला घासून घासून एका बाजूनं झिजली होती. ऑपरेशनच्या वेळी पाय सुजतील म्हणून ती काढून पिशवीत दिली होती, आणि मग कुणाला पुन्हा घालायचं सुचलं नव्हतं. माझ्या बोटांत जोडवी नव्हती कारण माझे पाय मेले होते, तिच्या बोटांत नव्हती कारण तिचा नवरा मेला होता.

मी सांगितलं. आढेवेढे घेण्याइतकी ताकद माझ्यात नव्हती.

सासूबाई दारातच होती. तिला मी आत्या म्हणते, आमच्यात तसंच म्हणतात. ती आत आली आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "रांडव बाईच्या पायात जोडवी? आन् ती बी ह्याच्या बायकूची? माझा एक गेला. आता दुसरा बी घालवायचा हाय व्हय तुमाला?"

दुसरा म्हणजे माझा नवरा. तो तिथंच उभा होता, हातात टेस्टर, कारण आरशावरचा बल्ब तोच बसवत होता. मला त्याची भीती दिसली. खोटं कशाला बोलू, तो घाबरला होता. शिकलेला नाही फार, आणि भाऊ डोळ्यांदेखत पिवळा पडून गेलेला. तो आईकडं बघत होता, मग माझ्याकडं बघितलं, मग टेस्टर खिशात ठेवला.

"आई, ही दिसभर वरडती," तो म्हणाला. "तुला ऐकू येत न्हाई का? मला तर ट्रॅक्टरवर बी ऐकू येतं."

"म्हून काय..."

"मरंना का मी. घालू दे."

आत्यानं तोंडावर पदर घेतला आणि बाहेर निघून गेली. जावेनं माझ्याकडं हात केला. "द्या अक्का." पिशवीतून मी जोडवी काढली. तिनं खाली बसून ती आपल्या बोटांत सरकवली, एक अंगठ्याशेजारी, मग दुसऱ्या पायात. तिची बोटं त्यांना पुरती विसरलेली नव्हती. घातल्यावर ती उठली आणि आरशामागं गेली.

खडखड सुरू झाली. मी कापड सरकवलं. आरशात मी, खाली डाळिंबी काठ, पायडल, पावलं, झिजलेली जोडवी लोखंडाच्या कडेला लागून बारीक किणकिणणारी. तो किणकिणता आवाज मी विसरले होते. आणि काहिलीखालचा जाळ कुणीतरी ओढून घेतला. एकदम नाही. आधी टाचा निवल्या, मग वर घोट्यापर्यंत. मला पाय जाणवायला लागले, आणि ते जळत नव्हते. दमले होते. दिवसभर मशीन मारल्यावर पोटऱ्या दमतात तसे दमले होते. दमणं इतकं गोड असतं हे मला माहीत नव्हतं. मी फळीवर डोकं टेकून रडले आणि रडता रडता ओरडत होते, "थांबू नको, थांबू नको गं."

डॉक्टरला फोनवर सांगितलं तर तिचाही आवाज बदलला. मशीन थांबल्यावर आग परत यायची, पण लगेच नाही. आधी जेवेपर्यंत टिकायचं, मग पुढं पुढं झोप लागेपर्यंत. मी पुन्हा थोडं शिवायला लागले, हातानं, बटणं, हूक. जाऊ शेतातून आली की हातपाय धुऊन आरशामागं बसायची. दमून यायची. मी तिला दमलेलं बघायचे आणि तरी म्हणायचे, अजून थोडं. वस्तीवर बोलणं झालंच, की एका घरात बायको बिनजोडव्याची आणि रांडव जोडव्याची. आत्या पाणवठ्यावर कुणाशी भांडून आली असं मला नवऱ्यानं सांगितलं. ती कुणाच्या बाजूनं भांडली ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मग निमोण्याहून जावेचा भाऊ आला. तिच्यासाठी तिथलंच स्थळ होतं. बायको गेलेला माणूस, बागायत, एक पोर. आमच्यात पाट लागतो, विधवा बाईनं पुन्हा घर करायला कुणी नाही म्हणत नाही. आत्यानंच निरोप धाडला होता, हे मला त्याच्या बोलण्यावरून कळलं. मी खुर्चीत बसून होते. चहाच्या कपांकडं बघत मी एकच मोजत होते, ही गेली की माझं काय.

संध्याकाळी ती आरशामागं बसली आणि पायडलला पाय लावला नाही. "अक्का," ती म्हणाली, "तुम्ही म्हनाल तर मी न्हाई जात."

आरशात माझं तोंड होतं. तिचं दिसत नव्हतं. खाली पावलं शेजारी शेजारी ठेवलेली. ती खरं बोलत होती. मी थांब म्हटलं असतं तर ती थांबली असती, म्हातारी होईपर्यंत तिनं माझी मशीन मारली असती. आणि थांब हा शब्द माझ्या जिभेवर आला होता, अगदी दातांपर्यंत. मला इतकी भीती कधी वाटली नव्हती, स्लॅबवरून पडतानाही नाही.

"जा की," मी खेकसले. "तुझ्यावाचून काय घोडं अडलंय माझं? आलीया मोठी शहाणी."

ती हळूच रडली, आवाज न करता. पावलांवरून मला कळलं. मग तिनं पायडल चालवायला सुरुवात केली.

ती जाण्याआधी डॉक्टरनं सांगितलं म्हणून नवऱ्यानं मोबाईलवर तिच्या पावलांची शूटिंग केली. जोडवी घालून, डाळिंबी साडीत, भरपूर वेळ. पाट लागला त्या दिवशी तिनं माझी जोडवी काढून धुऊन माझ्या हातात दिली, आणि डाळिंबी साडी घडी करून माझ्या पेटीत ठेवली. नव्या घरची नवी जोडवी तिच्या पायात होती. माझ्या पाया पडताना ती माझ्या पायांना हात लावत होती हे मी बघितलं. कळलं नाही अर्थातच.

आरशाखाली टीव्ही आला. पहिले काही दिवस चाललं. मला वाटलं, निभावलं. पण त्या शूटिंगमध्ये एका ठिकाणी मशीनमागून आमची कोंबडी जाते. आधी माझं लक्ष नव्हतं. मग कोंबडी आली की मला कळायला लागलं की आता पुढं ती साडीचा काठ सावरणार, मग चाक जरा अडणार, मग परत सुरू. माझे हात कापडावर जे करत होते त्याच्याशी त्या पावलांचा काही संबंध राहिला नव्हता. मी थांबले तरी ती चालत होती. मेंदूत जे कोण बसलं होतं ते एवढंही खुळं नव्हतं. एका दुपारी कोंबडी गेली आणि पाय पेटले ते पेटलेच. पुन्हा शूटिंग करू म्हणून नवरा निमोण्याला निघाला, तर मीच नको म्हटलं. नव्या घरात जाऊन काय सांगणार, तुमच्या बायकोची पावलं द्या म्हणून? त्यानं आपले पाय पुढं केले. त्याच्या बोटांत जोडवी नखाच्याही पुढं जाईनात, आणि त्याच्या एका दणक्यात चाकावरचा पट्टा निसटला. एक-दोन शेजारणी येऊन बसून गेल्या. एक इतकी हसत होती की मीच तिला उठवली.

मग काही उरलं नाही. आधी आग होती तेव्हा ती फक्त आग होती. आता निवणं काय असतं ते मला माहीत झालं होतं, त्यामुळं ही दुप्पट होती. मी ओरडणं सोडलं. नवऱ्याला पुन्हा एकदा म्हणाले, या वेळी हळू आवाजात, "किल्ली द्या मोटारीच्या खोलीची. कुणाला सांगू नका. मी तुमच्या पाया पडते." पाया पडते असं मी म्हणाले, मला तर वाकताही येत नाही. तो उठून गोठ्यात गेला. आत्या पलीकडच्या खोलीत निवडण घेऊन बसली होती. सुपाचा आवाज थांबला, ते माझ्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मला खुर्चीत बसवलं आणि आरशापुढं आणून सोडलं. मी म्हणाले, कशाला. तो बाहेर गेला. आरशामागं कुणीतरी होतं, दम लागल्याचा आवाज येत होता. खाली बघितलं तर डाळिंबी काठ. आत्या. आयुष्यभर लुगडं नेसलेली बाई, तिला पाचवारी नेसता येत नाही, काठ एकीकडं घोट्याखाली लोंबत होता आणि एकीकडं पोटरीवर चढला होता. पायडलवर तिची पावलं होती. मेंढरांमागं कोकणात जाऊन आलेली पावलं, टाचांना बोट शिरेल अशा भेगा, एका बोटाला नखच नाही. आणि बोटांत माझी जोडवी. सांध्यापुढं जात नव्हती म्हणून तेल लावून रेटली होती. बोटं लाल झाली होती. सासरे जाऊन किती तरी वर्षं झाली, तेव्हापासून त्या बोटांत काही गेलं नव्हतं.

"सांग कसं मारायचं ते," ती आरशामागून म्हणाली. "मला न्हाई येत."

"टाच आधी दाबायची, आत्या." माझा आवाज कुठून आला मला माहीत नाही.

चाक उलटं गेलं. अडलं. तिनं हातानं सुलटं केलं, पुन्हा पाय मारला. खड, खड, मग थोडं पुढं. तिचे गुडघे दुखतात, जिना चढायला तिला अर्धी सकाळ लागते. मी कापड सरकवलं, डोळे त्या पावलांवर ठेवले, सगळा जोर लावून मनात म्हणाले, हे माझे, हे माझे, हे माझेच आहेत. ते माझे नव्हते. लग्नापासून डोळ्यांपुढं असलेले आत्याचे पाय कुणालाही ओळखू आले असते, माझ्या मेंदूला कसे येणार नाहीत. आग जिथल्या तिथं होती. थोडी वाढलीही असेल.

"कमी झालं का गं?" तिनं धापा टाकत विचारलं.

"झालं, आत्या."

"खरं सांग."

"खरंच. लई कमी झालं."

पलीकडून ती काहीतरी पुटपुटली, देवाचं नाव असावं, आणि पायडल जोरात मारायला लागली.

तेव्हापासून ती रोज बसते. हल्ली चाक उलटं जात नाही. तिचं मारून होईपर्यंत मी कापड सरकवत राहते आणि मधूनमधून हुं, बरं वाटतंय, असं म्हणत राहते. समोरच्या आरशात माझं तोंड मला दिसत असतं. तिला ते दिसत नाही, तेवढं बरं आहे.